पळसदरीच्या फलाटावर

कर्जतहून खोपोलीची गाडी धरली, की पहिले स्टेशन पळसदरी. पुण्याचे रूळ येथून घाटाकडे वळतात आणि खोपोलीचा फाटा निराळा होतो. गंमत अशी, की हा फाटाच आधीचा! १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि डोंगर पाहून थबकली. बोरघाट चढून जायला तिला १८६३ साल उजाडावे लागले.

पळसदरीला लोक येतात ते स्वामी समर्थांच्या मठासाठी, नाही तर तलावाकाठी डबा सोडण्यासाठी. मी उतरलो तो पिशवीत एक जुने पुस्तक घेऊन. गो. नी. दांडेकरांचे ‘माचीवरला बुधा’. माझ्या वडिलांची प्रत.

वडील मुंबईत कारकुनी करीत. १९५८ साली ही कादंबरी आली आणि आमच्या दोन खोल्यांत राजमाचीचा वारा शिरला. मुंबईला कंटाळून आपल्या माचीवर परतणारा, झाडापाखरांच्या संगतीत राहणारा तो म्हातारा बुधा वडिलांना आपल्या नात्यातलाच वाटे. दर दिवाळीला ते म्हणत, “यंदा राजमाचीला जाऊ.” पुढे पेन्शन झाली, तेव्हा म्हणू लागले, “मी गावी जाऊन राहतो.” आम्ही भावंडांनी समजूत घातली. तेथे डॉक्टर नाही, दिवे नाहीत, तुमचे करणार कोण? ते गप्प बसले. शेवटपर्यंत मुंबईतच राहिले.

असे वाचक गोनीदांना घरोघर लाभले. परतवाड्याला १९१६ साली जन्मलेला, लहानपणीच घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेलेला आणि पुढे गावोगाव, गडोगड हिंडलेला हा माणूस तळेगाव दाभाड्याला स्थिरावला. ‘शितू’, ‘पडघवली’, ‘पवनाकाठचा धोंडी’ वाचून कितीतरी शहरी मंडळींनी आयुष्यात पहिल्यांदा पाठीला पिशवी लावली. १९७६ साली ‘स्मरणगाथे’ला साहित्य अकादमीचा मान मिळाला. ठाकरांच्या जीवनावरच्या ‘जैत रे जैत’चा १९७७ साली चित्रपट झाला आणि ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते तेही नाग्या-चिंधीला ओळखू लागले. १९९८ साली गोनीदा गेले. पण त्यांच्या कन्या वीणा देव आणि कुटुंबीय वर्षानुवर्षे या कादंबऱ्या लोकांपुढे वाचीत राहिले आणि लोक ऐकायला येत राहिले.

स्टेशनाबाहेर एक म्हातारे ठाकरबाबा गवताचा भारा टेकवून बसले होते. मी विचारले, “बाबा, राजमाची कुठल्या अंगाला?”

त्यांनी डोंगराकडे हात केला. “त्याच्या पल्याड. हितनं नाय जमायचं. कर्जतास्नं कोंडिवड्याला जावा, तिथनं वाट चढते.”

बोलता बोलता पिशवीतले पुस्तक बाहेर निघाले. बाबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी बुधाची गोष्ट थोडक्यात सांगितली. मुंबई टाकून माचीवर राहायला आलेला म्हातारा! मला वाटले, बाबा खूश होतील.

ते जरा थांबून म्हणाले, “आन् पोरांनी जाऊ दिला?”

बुधाविषयी विचारलेला तो साधा प्रश्न. पण उत्तर द्यायला माझी जीभ उचलेना. ते पुस्तक मी चार-पाच वेळा वाचले होते. प्रत्येक वेळी डोळे पाणावले होते. ज्याने ते मला दिले, त्याला मात्र मी गाडीत बसवून दिले नव्हते.

बाबांनी भारा डोक्यावर घेतला. “पाऊस सरलाय, आता वाट बरी हाय,” एवढे म्हणून ते चालू लागले.

परतीच्या गाडीला तासभर अवकाश होता. फलाटावर बसून पहिले पान उलगडले. वडिलांच्या अक्षरात त्यांचे नाव, खाली आमच्या गावाचे. मुंबईचे नाव कोठेच नव्हते.

मार्गशीर्षात नातवंडांना घेऊन कोंडिवड्याच्या वाटेने राजमाचीला जायचे ठरवले आहे. पुस्तक बरोबर नेईन. तुमच्याही घरी कोणी म्हातारे माणूस “यंदा जाऊ” म्हणत असेल, तर ही दिवाळी झाली की त्यांना घेऊन निघा.