पिवळ्याचे नाव निळे

‘मिक्स आफ्रिकन’ हे काही नाव नव्हे. वाङ्मयेतिहासकार नाइलाजाने उघडतो त्या ‘संकीर्ण’ सदराची आठवण करून देणारी ती दुकानातली चिठ्ठी होती. पिवळ्या अंगावर लांबीच्या दिशेने गेलेले काळे पट्टे, त्यांना पांढरट कडा, देह बोटाच्या दोन पेरांएवढा. ‘सर, आफ्रिकन आहे, काही होत नाही त्याला,’ एवढीच दुकानदाराची समीक्षा. घरी मुलीने ‘हळद’ असे नाव ठेवून लिंगाचाही निकाल लावला.

जात ओळखणे ही मात्र निव्वळ हौस नव्हती. टाकीत आधीपासून दोन ‘इलेक्ट्रिक यलो’ सुखाने नांदत होते. नवागत कोण, यावर त्यांचे स्वास्थ्य अवलंबून होते.

हे सारे मलावी सरोवराचे रहिवासी. (लिव्हिंगस्टन १८५९ मध्ये तेथे पोहोचला आणि सरोवराचे नाव ‘न्यासा’ असे रूढ झाले. स्थानिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘सरोवर’!) खडकांच्या आश्रयाने राहणाऱ्या तेथल्या सिक्लिड माशांना ‘म्बुना’ म्हणतात, हा शब्द सरोवराकाठच्या टोंगा लोकांचा. म्बुनांपैकी पुष्कळांच्या अंगावर उभे पट्टे असतात. हळदीचे आडवे होते, पाठीच्या परावरही एक काळी पट्टी होती. चित्रे ताडून पाहता ‘मेलॅनोक्रोमिस ऑरेटस’ हा निष्कर्ष जवळजवळ अटळ ठरला.

या नावापाशी मी बराच रेंगाळलो. बूलेंजर याने १८९७ मध्ये जातीचे वर्णन केले. ‘मेलॅनोक्रोमिस’ ही प्रजाती एथेलविन ट्रेवावस या विदुषीने १९३५ मध्ये प्रस्थापित केली. ग्रीक ‘मेलास’ म्हणजे काळा, लॅटिन ‘ऑरेटस’ म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेला. एकाच नावात दोन परस्परविरोधी रंग, आणि दोन्ही खरे! पिल्ले आणि माद्या सोनेरी असतात. वर्चस्व मिळवलेला नर काळवंडतो आणि त्याचे पट्टे फिकट होतात, जणू छायाचित्राची निगेटिव्ह. दबलेला नर मात्र पुष्कळदा मादीच्याच रंगात राहतो. म्हणजे हा रंग लिंगाइतकाच सत्तेचाही निदर्शक. स्त्रीवादी समीक्षा शिकवणाऱ्यांनी हा मासा जरूर पाहावा.

आमच्या जुन्या पिवळ्यांची कथा याहून विनोदी. त्यांचे शास्त्रीय नाव ‘लॅबिडोक्रोमिस सिरुलियस’. फ्रायर याने १९५६ मध्ये दिलेल्या या नावातील ‘सिरुलियस’चा अर्थ ‘निळा’. त्याच्यापुढचे नमुने निळसर होते. पिवळे पुढे प्रसिद्धीस आले आणि परके नाव निमूटपणे वागवत राहिले.

ऑरेटस हा म्बुनांतही अतिशय भांडखोर गणला जातो. प्रशस्त टाकी, दगडांच्या भरपूर कपारी आणि एका नरामागे अनेक माद्या, ही त्याची किमान अट. सिरुलियससारख्या सौम्य माशांना तो सुखाने जगू देईल, याची खात्री नाही. हळदीला वेगळी टाकी द्यावी लागली, ती यासाठी.

पाण्याचाही प्रश्न होताच. धरणातून येणारे आमचे नळाचे पाणी सुफेन. मलावीच्या माशांना दुष्फेन हवे, सामू साधारण ७.८ ते ८.६, तापमान २४ ते २७ अंश. तळाशी प्रवाळाचा चुरा घातल्यावर सामू हळूहळू चढला. दर आठवड्याला थोडे पाणी बदलायचे, सगळे एकदम नाही. आहारात मुख्यतः स्पिरुलिनाचे दाणे, अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे पान. दुकानात हौसेने दिले जाणारे ट्यूबिफेक्स किडे मी घेतले नाहीत. खडकावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या या माशाला मांसाहार अति झाला की पोट फुगण्याचा विकार जडतो आणि तो बहुधा जीवच घेतो.

आता तीन महिने झाले. हळदीच्या पोटाकडील पिवळा रंग थोडा मळकट दिसू लागला आहे; प्रकाशाचा दोषही असेल. मुलीला मी ट्रेवावस समजावून सांगितली. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि काळी झाली तरी नाव बदलायचे नाही, असे बजावून ती शाळेत गेली.