दोघांचा स्वयंपाक, बंगळुरूच्या चवीनं

बंगळुरूला फिरायला गेलेला मराठी माणूस लालबाग बघतो, कब्बन पार्कात चक्कर मारतो, गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनात मसाला डोसा खातो आणि मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये जाऊन रवा इडलीची ऑर्डर देतो. दोन्ही ठिकाणं नावाजलेली. विद्यार्थी भवन १९४३ पासून चालू आहे, तर मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजेच सर्वांच्या ओळखीचं एमटीआर, १९२४ पासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाचा तुटवडा पडला तेव्हा रव्याची इडली इथंच जन्माला आली, असं सांगतात.

पण हे झालं पाहुण्यांचं, सकाळचं बंगळुरू. रात्री आठ वाजता, रहदारीतून घरी पोहोचलेली माणसं काय जेवतात? हा प्रश्न पाहुण्याला पडत नाही. पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून नोकरीसाठी इथं येऊन संसार मांडणाऱ्या नवराबायकोला मात्र तो पहिल्याच आठवड्यात पडतो.

घराची अनामत रक्कम भरतानाच निम्मी शिल्लक संपलेली असते. दोघंही दमून येतात. माहेरून आलेलं भाजणीचं पीठ आणि सासरहून आलेला गोडा मसाला महिन्याभरात तळाला जातो. मग ‘दोघांसाठी कशाला एवढा खटाटोप?’ असं म्हणत रोज पार्सल मागवलं जातं. ते घरपोच आणण्याचा खर्चच कित्येकदा पालेभाजीच्या दोन जुड्यांएवढा असतो. महिनाअखेरीस हिशेब केला की चिडचिड होते आणि ती नेमकी एकमेकांवर निघते. जे घरी करतात त्यांच्याकडेही बहुतेक वेळा एकच जण ओट्याशी उभा असतो आणि तो कोण, हे वेगळं सांगायला नको.

खरं तर या शहराकडे या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीपासून आहे. ते हॉटेलात नाही, शेजारच्या स्वयंपाकघरात आहे.

उकडलेल्या दाण्यांचं गाव

बंगळुरूच्या नावाचीच गोष्ट घ्या. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीला गेला असता रानात वाट चुकला. भुकेनं व्याकूळ झालेल्या राजाला एका म्हातारीनं उकडलेले दाणे खायला दिले. त्यावरून या जागेला ‘बेंद काळू ऊरू’, म्हणजे शिजवलेल्या दाण्यांचं गाव, असं नाव पडलं आणि त्याचंच पुढं बंगळुरू झालं, अशी दंतकथा आहे. इतिहास मात्र वेगळं सांगतो. शहराच्या दक्षिणेला बेगूर इथं नवव्या शतकाच्या अखेरचा एक शिलालेख आहे. त्यात बंगळुरूचं नाव आधीच कोरलेलं आहे, म्हणजे राजाच्या जन्माच्याही कितीतरी आधी. तरीही लोकांना ती म्हातारीच प्रिय आहे. घरात जे आहे ते शिजवून समोर ठेवलं आणि राजा तृप्त झाला, याहून स्वयंपाकाची मोठी प्रशस्ती कोणती?

हे दाणे शहर अजून विसरलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत बाजारात अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्याच्या जातीच्या शेंगांचे ढीग लागतात. विश्वेश्वरपुरमच्या खाऊगल्लीतून नावारूपाला आलेल्या अवरे मेळ्यात तर डोशापासून जिलबीपर्यंत सगळ्यात हे दाणे घातलेले असतात. दाणे भिजवून, सालं काढून केलेलं ‘हितकिद अवरे’ समोर आलं, की कोकणातल्या माणसाला डाळिंब्यांची उसळ आठवल्याशिवाय राहत नाही.

मराठी चूलही या गावाला नवी नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी बंगळुरू जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या ताब्यात जहागीर म्हणून आलं. आपली कोशिंबीर आणि इथली कोसंबरी, आपलं सार आणि इथलं सारू, आपली आंबील आणि इथली अंबली, ही नावं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की परकेपणा आपोआप कमी होतो.

कटाची आमटी, पण रोजची

पुरणपोळीच्या दिवशी आपण डाळीचं वरचं पाणी काढून कटाची आमटी करतो. एका डाळीत दोन पदार्थ होतात. बंगळुरू आणि जुन्या म्हैसूर भागातल्या घरांनी हीच युक्ती रोजच्या रात्रीसाठी वापरली आहे. तिचं नाव बस्सारू. ‘बसिद सारू’, म्हणजे निथळून घेतलेल्या पाण्याचं सार. एकदाच शिजवायचं, त्यातून भाजीही होते आणि आमटीही.

दोघांसाठी अर्धी वाटी तूरडाळ धुऊन तीन वाट्या पाण्यात शिजवा. डाळ मऊ व्हावी, पण तिचा लगदा होऊ देऊ नका. म्हणून इथं कुकरपेक्षा साधं पातेलं बरं. त्यात माठ, मेथी किंवा शेपूची एक जुडी चिरून टाका, मीठ घाला आणि पाच मिनिटांनी सगळं चाळणीवर ओता. खालचं पाणी जपून ठेवा.

आता थोड्या तेलावर अर्धा कांदा, चार लसूण पाकळ्या, दोन ब्याडगी मिरच्या, चार मिरीदाणे, चमचाभर धणे आणि अर्धा चमचा जिरं परता. त्यात दोन चमचे ओलं खोबरं, चिंचेचं लहानसं बुटुक आणि शिजलेल्या डाळभाजीतली मूठभर घालून बारीक वाटा. हे वाटण निथळलेल्या पाण्यात घालून उकळा. वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्या. बस्सारू तयार झालं. ब्याडगी मिरची हावेरी जिल्ह्यातली. ती रंग भरपूर देते, पण जाळ कमी करते, त्यामुळे मिरची पाहून घाबरू नका.

चाळणीत उरलेल्या डाळभाजीला मोहरी, उडीदडाळ, लाल मिरची आणि कांद्याची फोडणी द्या, वर खोबरं भुरभुरा. ही झाली पल्या, म्हणजे कोरडी भाजी. सारं काम चाळीस मिनिटांचं. तूरडाळीऐवजी भिजवलेले हुलगे किंवा मूग घेतले तरी चालतात, फक्त त्यांना शिजायला थोडा जास्त वेळ द्या. उरलेलं बस्सारू दुसऱ्या दिवशी अधिक मुरतं, म्हणून ते मुद्दाम थोडं जास्तच करावं.

मुद्द्याची गोष्ट

बस्सारूचा खरा जोडीदार म्हणजे रागी मुद्दे, नाचणीचा वाफाळता गोळा. नाचणीच्या उत्पादनात कर्नाटक देशात पहिलं आहे आणि तुमकुरू, हासन, कोलार हे बंगळुरूच्या आसपासचे जिल्हे नाचणीचेच. एच. डी. देवेगौडा १९९६ साली पंतप्रधान झाले, तेव्हा हे नाव उत्तरेतल्या लोकांच्याही कानावर पडलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि गरिबाचं म्हणून बाजूला सारलेलं हे धान्य एकदम प्रतिष्ठेचं झालं.

कन्नड साहित्यानं मात्र ही प्रतिष्ठा नाचणीला कधीच दिली होती. सोळाव्या शतकातले संतकवी कनकदास यांच्या ‘रामधान्य चरिते’ या काव्यात तांदूळ आणि नाचणीचं भांडण श्रीरामापुढे येतं. राम दोघांनाही सहा महिने कोठडीत ठेवतो. मुदत संपते तेव्हा तांदूळ खराब झालेला असतो, नाचणी मात्र जशीच्या तशी! निकाल अर्थातच नाचणीच्या बाजूनं लागतो. गोष्टीतलं तथ्य आजही तेच आहे. नाचणी दीर्घकाळ टिकते, सहसा कीड लागत नाही. शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. तिशीतल्या बायकांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

मुद्द्यासाठी दोन वाट्या पाणी उकळायला ठेवा. त्यात चमचाभर नाचणीचं पीठ थंड पाण्यात कालवून घाला, थोडं मीठ आणि तूप टाका. उकळी आली की एक वाटी पीठ मधोमध ओता, पण ढवळू नका. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं वाफ येऊ द्या. मग लाकडी दांड्यानं जोरात घोटा. एकही गुठळी राहता कामा नये. पुन्हा दोन मिनिटं वाफ द्या आणि ओल्या हातानं दोन गोळे वळा.

घोटताना भांडं हलतं, त्यामुळे ते कापडानं घट्ट धरायला दुसरा माणूस लागतोच. एकट्यानं करायला अवघड, दोघांनी करायला सोपा असा हा पदार्थ आहे. नव्या संसारात तो याच कारणासाठी शिकून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. मुद्दे चावत नाहीत. लहानसा घास तोडून सारूत बुडवायचा आणि गिळायचा. पहिल्या दिवशी हे जमणार नाही. खुशाल चावून खा, कुणी हसणार नाही!

थालीपीठाची बहीण

रोज मुद्दे नको असतील तर अक्की रोट्टी करा. अक्की म्हणजे तांदूळ. दीड वाटी तांदळाच्या पिठात बारीक चिरलेला कांदा, शेपू, हिरवी मिरची, ओलं खोबरं, जिरं आणि मीठ घालून गरम पाण्यानं सैलसर भिजवा. थंड तव्याला तेल लावून त्यावरच गोळा थापा, बोटानं भोकं पाडा, त्यात तेल सोडा आणि झाकण ठेवून भाजा. थालीपीठ लावणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. थंडीच्या दिवसांत त्यात पावट्याचे उकडलेले दाणे घालायला विसरू नका. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही असलं की झालं.

सकाळचा भात उरला असेल तर चित्रान्न. मोहरी, हरभराडाळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि हळदीची फोडणी करून त्यात मोकळा भात परता, गॅस बंद करून लिंबू पिळा. भात उरल्यावर तो लगेच फ्रीजमध्ये ठेवलेला असावा, एवढीच अट. जोडीला कोसंबरी. मूठभर मूगडाळ दोन तास भिजवून निथळा, त्यात काकडी, खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाचा रस घाला. वरून मोहरी-हिंगाची फोडणी. डाळ शिजवायचीच नाही, त्यामुळे गॅस वाचतो आणि वेळही.

बाजार दोघांपुरता

दोघांच्या घरात पैसे वाया जातात ते महागाईनं कमी आणि सडलेल्या भाजीनं जास्त. म्हणून आठवड्याची भाजी एकदम भरून ठेवण्यापेक्षा दोन वेळा थोडी थोडी आणा. गांधी बाजार, मल्लेश्वरमचा आठवा क्रॉस, जयनगरचा चौथा ब्लॉक ही यासाठी जुनी, भरवशाची ठिकाणं. घासाघीस जमत नसेल तर हॉपकॉम्सच्या दुकानात जा. शेतकऱ्यांच्या या सहकारी संस्थेची सुरुवात १९५९ साली झाली. दर फलकावर लिहिलेले असतात, त्यामुळे भाषा येत नसली तरी फसवणुकीची भीती नाही आणि पाव किलो मागायला संकोचही नाही.

पालेभाजीला इथं सोप्पु म्हणतात. मेंत्य सोप्पु म्हणजे मेथी, सब्बसिगे सोप्पु म्हणजे शेपू, दंटु सोप्पु म्हणजे माठ. एवढे तीन शब्द आले तरी भाजीवालीशी ओळख होते. एकदा ओळख झाली की कोणती भाजी कशात घालायची, हे तीच सांगते.

आठवडा असा बसवता येईल. सोमवारी बस्सारू, पल्या आणि मुद्दे. मंगळवारी तेच मुरलेलं सारू आणि भात. बुधवारी अक्की रोट्टी. गुरुवारी चित्रान्न आणि कोसंबरी. शुक्रवारी दहीभात, लोणचं आणि पापड. आणि शनिवारी खुशाल बाहेर जेवा. १९८० च्या दशकापासून रुजलेल्या इथल्या दर्शिनींमध्ये उभ्यानं, स्वच्छ आणि माफक दरात पोट भरतं. आठवड्यातून एकदा खाल्लेला तो डोसा रोजच्या पार्सलपेक्षा नक्कीच जास्त चवदार लागेल.

या पाच रात्रींसाठी काय लागलं? नाचणीचं आणि तांदळाचं पीठ, तांदूळ, दोन डाळी, तीन-चार जुड्या पालेभाजी, एक नारळ, मूठभर शेंगदाणे, दही. यातलं काहीही गावाहून मागवावं लागत नाही, सगळं घराजवळच्या वळणावर मिळतं. एकानं भाजी निवडावी, दुसऱ्यानं खोबरं खवावं. एकानं घोटावं, दुसऱ्यानं भांडं धरावं. चाळीस मिनिटांत ताटं वाढली जातील आणि तेवढ्या वेळात दिवसभराच्या गप्पाही होतील. परक्या शहरात घर उभं राहतं ते असंच, रोजच्या दोन ताटांवर.