नवरी, दादर आणि शिक्षा

सत्तर वर्षांची आजी ओट्यावर बसून "मी नवरी आहे" म्हणाली, तर तुम्हाला काय वाटेल? आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हे वाक्य ऐकू येऊ शकते. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, काम नसलेला माणूस, आणि 'नवरी' म्हणजे रिकामी बाई. आजी म्हणते, "हूं नवरी छूं." तिला सांगायचे असते, मला वेळ आहे, बस जरा. ऐकणारी मराठी सून मात्र तोंडाला पदर लावते.

आमच्या जिल्ह्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये आहे. बाजारात मराठी, गुजराती, अहिराणी, भिली, मावची, पावरी अशा कितीतरी बोली कानावर पडतात. गुजराती घरात 'बा' म्हणजे आई. मराठी खेड्यांत 'बा' म्हणजे बाप. खानदेशात 'दादर' म्हणजे काळ्या जमिनीत, नुसत्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी. ६ डिसेंबरला आमची माणसे चैत्यभूमीवर अभिवादनासाठी दादरला जातात, तेव्हा इकडे शेतातही दादर उभी असते. "दादर कशी आहे?" असे विचारले तर कोणती, हे आधी ठरवावे लागते.

अशा हसण्यात वाईट काही नाही. जगभर तसे होते. स्वीडन देशात लेकरांना 'बार्न' म्हणतात. इंग्रजीत बार्न म्हणजे गुरे किंवा धान्य ठेवण्याचे कोठार. स्वीडिश भाषेत वेगाला 'फार्ट' म्हणतात आणि इंग्रजीत त्याचा अर्थ पोटातला वारा सरणे. रस्त्यावरच्या पाट्यांवर तो शब्द दिसला की इंग्रजी बोलणारे पाहुणे पोट धरून हसतात. स्वीडिश माणसाला त्याचे काही वाटत नाही. त्याची शाळा, कचेरी, वर्तमानपत्र, सगळे त्याच्याच भाषेत चालते. पाहुणा हसून निघून जातो.

आमच्या अहिराणीला तो आधार नाही. येथे हसणारा पाहुणा नसतो. तो वर्गातला सोबती असतो, कधी कधी गुरुजीही असतात.

अहिराणीत मुलाला 'आंडोर' आणि मुलीला 'आंडेर' म्हणतात. "मना आंडोर शाळामा जास" म्हणजे माझा मुलगा शाळेत जातो. शहरातल्या कानाला त्यात अंडे ऐकू येते. मी पुण्याला एका वसतिगृहात शिकत असताना आई मला भेटायला आली होती. एका मैत्रिणीने विचारले, "काकू, पुन्हा याल ना?" आई म्हणाली, "हां, येस ना." आमच्याकडे 'येस' म्हणजे येते. "काकू इंग्रजी बोलतात!" असे म्हणून मुली खूप हसल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण पुढचा सारा दिवस आई नुसती मान हलवून उत्तरे देत राहिली. गावातल्या भांडणात दहा जणांना गप्प करणारी माझी आई तेथे मुकी झाली. ते मला आजही खुपते.

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदी भाषक बांधवांच्या फलकावर हा शब्द वाचून आपले म्हातारे चमकतात आणि आपण हसतो. परंतु ज्या लेकराच्या घरच्या शब्दावर वर्ग हसतो, त्याच्यासाठी हे दोन्ही अर्थ एकच होतात. ते बोट वर करत नाही. प्रश्न विचारत नाही. पुढे शाळेत जायलाच नको म्हणते. बाबासाहेबांनी आपल्याला 'शिका' म्हणून सांगितले. त्या शिकण्याची शिक्षा होऊ देणे आपल्याला शोभत नाही.

मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्तात भगवान बुद्धांनी याच गोष्टीचे उदाहरण दिले आहे. एकाच भांड्याला कोणत्या प्रदेशात 'पाती' म्हणतात, कोणत्या प्रदेशात 'पत्त', तर कोठे 'सराव'. आता मराठीत सराव म्हणजे तर अभ्यास! जेथे जो शब्द चालतो तेथे तो वापरावा, माझाच खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरू नये, असे त्यांनी सांगितले.

म्हणून मातांनो, घरात लेकराने नवा शब्द आणला तर हसा, पण लगेच त्याचा अर्थही विचारा. धडगाव-अक्कलकुव्याकडचे पावरी किंवा भिली बोलणारे मूल तुमच्या मुलाच्या बाकावर बसत असेल, तर त्याच्याकडून रोज एक शब्द शिकून यायला सांगा. भाकरीला काय म्हणतात, पाण्याला काय म्हणतात, आईला काय म्हणतात, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.