काळ्या मातीवरची फरशी

धाराशिव जिल्ह्यातील घरबांधणीत फरशीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, म्हणजे भिंतींना गिलावा झाल्यावर आणि हातातील पैसा सरत आल्यावर होतो; वास्तविक फरशीचे आयुष्य जोते भरतानाच ठरून गेलेले असते. बालाघाटच्या माथ्यावर मुरमाड, हलकी जमीन आहे, तर तेरणेच्या खोऱ्यात खोल काळी माती आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि पाणी आटले की आकसते, त्यामुळे पावसाळ्यात वर उचलली जाणारी हीच जमीन उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल अशा भेगांनी उकलते. अशी माती जोत्यात तशीच राहिली, तर वर बसवलेली फरशी कितीही महाग असो, काही पावसाळ्यांत ती कुठे खचते, कुठे पोकळ वाजू लागते आणि भिंतीलगतचा सांधा उघडा पडतो. म्हणून काळी माती काढून मुरूम भरणे, तो थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोकणे, त्यावर दगडी सोलिंग व काँक्रीट घालणे, या कामांचा खर्च फरशीच्याच हिशेबात धरला पाहिजे. तेथे केलेली काटकसर पुढे कोणत्याही टाइलने भरून निघत नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा आहे. या भागातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताची असत आणि तो थर दुपारचे ऊन घरात उतरू देत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात, लातूरप्रमाणेच तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा परिसरातही, हीच जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती माणसांच्या अंगावर कोसळल्या. त्यानंतर लोक स्लॅबकडे व पत्र्याकडे वळले, ते योग्यच होते. पण छताचा गारवा गेल्यामुळे घरातील उष्णता ओढून घेणारी जागा म्हणून जमिनीला लागून असलेली तळमजल्याची फरशी अधिक महत्त्वाची झाली. लाकडासारखा दिसणारा लॅमिनेट किंवा विनाइलचा थर पायाला उबदार लागतो, कारण तो उष्णता सावकाश वाहून नेतो. थंड प्रदेशात हा गुण ठरेल, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या या जिल्ह्यात तो दोषच आहे.

दगडी फरशीत येथे पहिला मान शहाबादीचा आहे. जिल्ह्याचा स्वतःचा खडक बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा पाषाण. नळदुर्ग आणि परंड्याच्या किल्ल्यांच्या तटांत तो दिसतो, परंतु त्याच्या सहजासहजी पातळ लाद्या निघत नाहीत. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा दगड मात्र भीमेच्या खोऱ्यात थरावर थर साचून बनलेला चुनखडक असल्याने तो थरांच्या रेषेतच सुटतो आणि सपाट लादी हाती येते. 1956 पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. वाड्याची ओसरी असो की शाळेचा वर्ग, ही करडी-निळसर फरशी या भागाच्या पायाखालची आहे. रफ शहाबादी ओल्या पायाला धरून ठेवते, जाड असल्याने धान्याच्या पोत्यांचा भार सोसते, एखादी लादी फुटली तर तेवढीच बदलता येते आणि पॉलिश केलेली झिजली तर पुन्हा घासून घेता येते. तिची उणीव तिच्या घडणीतच आहे: चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचे ॲसिड पडले की पृष्ठभाग चरतो आणि निस्तेज होतो, शिवाय सांडलेले तेल आत मुरते. ओसरी, अंगण, पडवी आणि तळमजल्याची बैठकीची खोली यांसाठी ती आजही उत्तम आहे. स्वयंपाकघरात व न्हाणीत मात्र तिचा आग्रह धरू नये.

तेथे व्हिट्रिफाइड टाइल बरी, म्हणजे माती व खनिजे अतिशय उच्च तापमानाला भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल, जी आपल्या वजनाच्या 0.5 टक्क्यापेक्षा अधिक पाणी शोषत नाही आणि म्हणून हळद-तेलाचे डाग सहसा धरत नाही. न्हाणीत चकचकीत टाइल घालणे हा निष्काळजीपणा आहे. घसरण रोखण्याची क्षमता आर-9 ते आर-13 या श्रेणीत सांगितली जाते. वृद्ध माणसे असलेल्या घरात ओल्या जागेसाठी आर-11 मागावी आणि पाण्याचा ढाळ जाळीकडे काढून घ्यावा.

रंगाच्या बाबतीत दुकानातील दिव्यांपेक्षा बोअरच्या पाण्याचा सल्ला अधिक खरा ठरतो. बेसाल्टातून येणारे हे पाणी क्षारयुक्त, जड असते. काळ्या ग्रॅनाइटवर त्याचा एक थेंब वाळला, की त्याच्या कडेने पांढरे वर्तुळ उमटते आणि रोज पुसूनही काही महिन्यांत साऱ्या ओट्यावर मळकट साय चढते. उलट पांढऱ्याशुभ्र टाइलवर शेतातून आलेल्या पायांची काळी माती दिवसभर डोळ्यांत खुपते. या दोन्हींना सामावून घेणारे रंग म्हणजे फिकट करडा, राखाडी आणि मळकट पिवळसर, तेही निस्तेज म्हणजे मॅट पृष्ठभागाचे व किंचित ठिपकेदार. सांध्यात भरायचे ग्राउट टाइलपेक्षा एक छटा गडद असावे. लहान खिडक्यांच्या जुन्या घरात फिकट फरशी उजेड वाढवते. गच्चीवर तर रंगाला सौंदर्यापलीकडचे काम आहे: फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवलेली चायना मोझॅक ऊन परतवते आणि स्लॅबखालची खोली निवते, तर अंगणात काळा कडप्पा घातल्यास दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही.

खरेदीपूर्वी प्रत्येकाने निदान दोन नमुने घरी आणावेत, त्यांच्यावर स्वतःच्या बोअरचे पाणी शिंपडून ते उन्हात वाळू द्यावे, एका कोपऱ्यावर हळद घातलेले तेल रात्रभर ठेवावे, आणि सकाळी खिडकीच्या उजेडात पाहूनच दुकानदाराला होकार कळवावा.