उशी टाका न पाठीमागं

माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी, दादा सहा फूट. गाडी दोघांच्या पैशांतून आलेली, पण चालवता येत होती ती एकट्या दादालाच. आणि वर्ध्यात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, याचा मला अजून राग येतो.

गाडी लोटस सेव्हनची नक्कल. कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणलेली ही ब्रिटिश गाडी दोन माणसांची, उघडी आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली. जगभर तिच्या नकला झाल्या. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा रोडस्टर त्याच धर्तीवर बनली, फायबरची बॉडी आणि इसुझूचं अठराशे सीसीचं इंजिन घेऊन. आमची गाडी पुण्याच्या एका हौशी गृहस्थांकडून आली. कागदपत्रं वगैरे झाली. गृहस्थ उंच होते आणि त्यांनी दोन्ही सीट स्वतःच्या मापाने फ्रेमला बोल्टने पक्क्या करून घेतल्या होत्या. क्लच पूर्ण दाबायचा तर मला सीटवरून इतकं खाली घसरावं लागे की बॉनेटपलीकडचा रस्ताच दिसेनासा व्हायचा.

मेकॅनिक, वेल्डिंगवाले, कुशनवाले, सगळ्यांना विचारलं. उत्तर एकच. ‘उशी टाका न पाठीमागं, ताई.’ एकाने तर माझ्याकडे न बघता दादालाच विचारलं, ‘मॅडम चालवतीन का हे गाडी?’

उशीने काय होतं ते सांगते, कारण आजही कितीतरी बायका पाठीशी उशी घेऊन कार चालवताना दिसतात. क्लच दाबला की पायाचा जोर पेडलवर जायच्या आधी पाठ उशीत रुतते. ट्रॅफिकमध्ये तासभर हे केलं की कंबर धरते. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक बसली तर आणखी वाईट. उशी दबते, सीटबेल्टला ढील येते आणि माणूस पट्ट्याखालून पुढे घसरू शकतो. सीट हा गाडीच्या सुरक्षेचा भाग आहे. सीटच्या मजबुतीच्या आंतरराष्ट्रीय नियमात गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धक्का धरलेला आहे. म्हणजे पंधरा किलोची रिकामी सीटसुद्धा तेवढ्या धक्क्यात तीनशे किलोच्या जोराने बोल्ट ओढते. तिथे उशीचं काय काम?

वर्ध्याच्या माणसांनी तरी असं बोलायला नको होतं. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, तेव्हा एक अटच होती की बाईला त्यावर फारसे कष्ट न पडता सलग आठ तास काम करता आलं पाहिजे. यंत्र बनायच्या आधीच ते वापरणारीचा विचार. आमच्या गावात मगन संग्रहालय १९३८ पासून उभं आहे, शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्यांनी तिथले चरखे पाहिलेत.

शेवटी एक वेल्डिंगवाले तयार झाले. भंगारातून मारुती एट हंड्रेडच्या सीटच्या पटऱ्या आणल्या. चेसिसला नवं भोक पाडायचं नाही, ही माझी अट. जुन्या बोल्टांच्या जागीच जाड लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि त्यांवर पटऱ्या. पहिल्या दिवशी सीट पुढे ओढली, लिव्हर खटकन बसला, डावा पाय क्लचवर पूर्ण टेकला. मला रडू आलं.

मग रेल्वेच्या उड्डाणपुलावरचा तो प्रकार. चढावर गाड्या थांबलेल्या, मागे एसटी. पुढची रांग हलली म्हणून मी क्लच दाबला आणि सीट माझ्यासकट मागे गेली. पाय पेडलवरून सुटला, गाडी हिसका देऊन बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. ब्रेकपर्यंत पाय पोचेना. हँडब्रेक हाताशी होता म्हणून एसटीच्या अलीकडे थांबले.

वर्कशॉपमध्ये गेलो तर सीट हलवूनही न बघता निकाल. ‘लिव्हर नीट नसन बसला बाईकडून.’ दादासुद्धा म्हणाला, ‘बसला होता ना गं नीट?’ हे मला त्या चढापेक्षा जास्त लागलं. मी तिथेच सीट उलटी करायला लावली. दोन पटऱ्या दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या निघाल्या! खाचांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे एका बाजूचा दात खाचेत आणि दुसऱ्या बाजूचा नुसता कडेवर टेकलेला. पाय दाबला की सीट तिरकी व्हायची आणि बसलेला दातही निसटायचा. माफी कुणी मागितली नाही.

पण पुढचं कामही त्यांनीच केलं आणि उत्तम केलं, हेही सांगायला हवं. एकाच गाडीच्या जोडीच्या पटऱ्या, दोन्हींना कुलूप, दोन्ही कुलपं एका सळईने जोडलेली, म्हणजे एक सुटलं तर दुसरंही सुटणार आणि बसलं तर दोन्ही बसणार. बोल्ट ८.८ ग्रेडचे. पट्ट्याचं बकल सीटबरोबर सरकल्यावरही कमरेवर नीट येतं का, हे त्यांनी मला बसवून तीन ठिकाणी तपासलं. आता कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगते, रागासकट. कुणी करून घेणार असेल तर एवढं करा. लिव्हर लावल्यावर पाय डॅशबोर्डला टेकवून सीट जोरात मागे रेटा, मगच चावी फिरवा. उन्हाळ्यात लिव्हरवर कापड गुंडाळा, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

नवा तंटा उंचीचा आहे. पट्ट्या आणि पटऱ्या मिळून सीट दीड इंच वर आली. मला बॉनेटपुढचा रस्ता स्वच्छ दिसतो, पण दादाच्या डोळ्यांसमोर काचेची वरची चौकट येते आणि वारा थेट कपाळावर. खालचा फोम काढून पातळ, कडक फोम घालायला मी तयार आहे, पण मग मी पुन्हा खाली जाते. तो म्हणतो, ‘तू उशी घे ना खाली.’ मी नाही म्हटलंय. काढता येणारी कडक बैठक बनवायची, खाली बोल्टने अडकणारी, आणि तिचं माप माझ्या उंचीवरून घ्यायचं, असं सध्या ठरतंय. पैसे निम्मे निम्मे.