आधी नोंद, मग सलोखा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तळेगाव ढमढेऱ्यात बचत गटांचं काम बघत होते. १ जानेवारी २०१८ ला गटातल्या बायकांचे फोनवर फोन आले. सणसवाडी, कोरेगाव भीमा भागात दगडफेक सुरू होती, गाड्या पेटल्या होत्या. कोरेगावच्या लढाईला त्या दिवशी दोनशे वर्षं झाली. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेब आंबेडकर या लढाईच्या तिथल्या जयस्तंभाला आले होते, त्या ओढीनं लाखो लोक येतात. त्याआधी २९ डिसेंबरला वढू बुद्रुकला महार समाजातल्या गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तंटा झाला होता. पुढे कळलं, दंगलीत एका तरुणाचा जीव गेला.

३ जानेवारीचा महाराष्ट्र बंद संपला आणि आम्ही काही जणी वह्या घेऊन बाहेर पडलो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची चहाची टपरी जळली होती. ती बौद्ध वस्तीतली, मी मराठा घरातली. आधी ती बोलेचना. मग म्हणाली, "बाई, कशाला लिहिता? पुन्हा इथंच धंदा करायचाय." मी तिच्याजवळ बसून राहिले. हळूहळू तिनं सांगायला सुरुवात केली: शेगडी, दोन बाकडी, पत्रा, उधारीची वही. उधारीची वही सांगताना तिला रडू फुटलं. तेवढ्या पैशांचा आता कुठलाच पुरावा उरला नव्हता.

पुढच्या गल्लीत एकाचा टेम्पो जळाला होता. तो तडकून म्हणाला, "तुम्ही त्यांच्याच बाजूनं लिहिणार." मी वही त्याच्यापुढे धरली आणि टपरीच्या खालच्या ओळीत त्याच्या टेम्पोचा नंबर लिहिला. त्यानं वरची ओळ वाचली. मग आतून गाडीची कागदपत्रं घेऊन आला. तक्रार द्यायला, पंचनामा करून घ्यायला आम्ही दोघांबरोबरही गेलो.

तेव्हा गावोगाव शांततेच्या बैठका होत होत्या. "झालं गेलं विसरा," असं कुणीतरी म्हणायचंच. मी उठून सांगायची, ते ज्याचं जळलं त्यानं म्हणावं. फेब्रुवारीत सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग नेमला. त्याला मुदत होती चार महिन्यांची. पुढे मुदतवाढी मिळत वर्षं गेली. एवढ्या काळात माणसाची आठवण पुसट होते, साक्षीदार गाव सोडून जातात. त्या त्या दिवशी लिहिलेला कागद तेवढा टिकतो.

दंगलीची झळ तुमच्या गावाला लागली तर मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलू नका. वही-पेन घ्या आणि दोन्ही वस्त्यांत जा. कुणाचं काय गेलं ते त्याच्याच तोंडून ऐकून लिहा, त्याच्याबरोबर पोलीस ठाण्याची पायरी चढा. ज्याला न्याय मिळेल असं वाटतं, तोच शेजाऱ्याशी पुन्हा मनापासून बोलतो.