न पाहिलेली गाडी

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत मोटारीला ‘गारी’ म्हणतात. आपला ‘गाडी’ हा शब्द हिंदी महासागर ओलांडून गेलेल्या भारतीयांबरोबर तिकडे पोहोचला आणि तिथलाच होऊन राहिला. केनियाच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात मी काही वर्षे सेवेस होतो. त्या काळात एक ‘गारी’ जपानहून आम्ही स्वतः मागवली. हजारो मैल दूर असलेली, कधीही न पाहिलेली वस्तू, कधीही न भेटलेल्या माणसाकडून, पैसे आधी देऊन विकत घ्यायची असा तो व्यवहार होता. विश्वास म्हणजे काय, यावर सेमिनरीत अनेक व्याख्याने ऐकली होती. परंतु विश्वासाला पुराव्याची जोड कशी लागते, याचे शिक्षण मला या व्यवहाराने दिले.

आमच्या धर्मग्रामाची अकरा उपकेंद्रे होती. सर्वांत दूरचे केंद्र चाळीस किलोमीटरवर, आणि त्यातील निम्मा रस्ता मातीचा. मिस्सेला जाणे, रुग्णांना संस्कार देणे, शाळेची पुस्तके पोहोचवणे आणि अडलेल्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेणे ही सारी कामे एकाच जुनाट गाडीवर चालत. २०१४ साली तिने अंग टाकले. केनियात सार्वजनिक कामासाठी सर्वांनी मिळून निधी उभारण्याची ‘हरांबे’ नावाची जुनी प्रथा आहे. त्याप्रमाणे मिस्सेनंतर मंडपात सभा भरली. कुणी नारळ आणले, कुणी मक्याचे पोते, कुणी कोंबडी. त्यांचा तिथेच लिलाव होऊन पैसे जमले. शहरात कामाला गेलेल्या मुलांनी मोबाइलवरून, एम-पेसाने, आपापला वाटा पाठवला. एका वृद्धेने रुमालाच्या गाठीतून काढलेली नाणी माझ्या हातावर ठेवली. त्या नाण्यांचे वजन पुढे प्रत्येक कागदावर सही करताना मला जाणवत राहिले.

नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची होती. मोम्बासातील विक्रेत्यांकडून घ्यावी, तर त्यांचा नफा वेगळा. म्हणून सल्लागार मंडळाने ठरवले की थेट जपानहून मागवावी. केनियात ही काही नवलाची गोष्ट नव्हे; तिथे दरवर्षी येणाऱ्या गाड्यांत जपानमध्ये वापरलेल्या गाड्यांचा भरणा फार मोठा आहे. त्याला कारणे आहेत. आपल्याप्रमाणेच जपान आणि केनिया या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे सुकाणू उजवीकडेच असते. शिवाय जपानमध्ये खाजगी मोटारीची सक्तीची तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. ती इतकी खर्चिक असते, की पुष्कळ लोक पुढच्या तपासणीपूर्वीच गाडी काढून टाकतात. अशी गाडी आणखी कितीतरी वर्षे चालणारी असते. केनियाचा नियम मात्र कडक आहे: आठ वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही. आम्हांला २००७ किंवा त्यानंतरचीच गाडी शोधावी लागणार होती.

जपानमध्ये जुन्या गाड्या मोठ्या लिलावगृहांतून विकल्या जातात. तिथे सामान्य ग्राहकाला प्रवेश नसतो. सभासद असलेला निर्यातदार त्याच्या वतीने बोली लावतो. लिलावापूर्वी तपासनीस गाडी पाहतो आणि एका कागदावर तिची परीक्षा लिहून ठेवतो. त्या कागदावर गाडीची रेखाकृती असते आणि जिथे दोष असेल तिथे खूण केलेली असते. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेला उंचसखलपणा, ‘एस’ म्हणजे गंज. अक्षरापुढचा आकडा दोष लहान की मोठा ते सांगतो. सर्व मिळून गाडीला गुण दिले जातात. अपघातानंतर सांगाडा दुरुस्त केलेल्या गाडीला अंकाऐवजी ‘आर’ हे अक्षर मिळते.

आमच्यापुढे दोन गाड्या होत्या. दोन्ही टोयोटाच्या ‘प्रोबॉक्स’. केनियाच्या खेड्यांतून माणसे, भाजी, सिमेंट काहीही वाहून नेणारी ही साधी, काटक गाडी. पहिली छायाचित्रात आरशासारखी चकाकत होती, ४८ हजार किलोमीटर चाललेली. परंतु तिचा परीक्षेचा कागद मागितला, तेव्हा विक्रेत्याकडून गोड शब्दांखेरीज काही आले नाही. दुसरी १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली, साडेतीन गुणांची. तिच्या कागदावर मागच्या डाव्या दारावर लहान पोचा, बंपरवर ओरखडे, आसनावर डाग असे सर्व नोंदलेले होते. मंडळातील तरुणांचे मन पहिलीकडे ओढले गेले. तेव्हा आमचे खजिनदार, निवृत्त शाळामास्तर, शांतपणे म्हणाले, “फादर, जिचे दोष कुणी सांगत नाही, तिला दोष नाहीत असे नव्हे. दुसरीचे निदान आपल्याला ठाऊक आहेत.” अंतर दाखवणारा काटा मागे फिरवून गाडी तरुण भासवणे ही या धंद्यातील जुनी लबाडी आहे, हे ते जाणून होते. आम्ही दुसरी निवडली.

त्यानंतर कागदांची यात्रा सुरू झाली. बँकेमार्फत पैसे पाठवले. जपानमधील नोंदणी रद्द झाल्याचा दाखला निघाला. गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे, असे प्रमाणपत्र जहाजावर चढण्यापूर्वीच, जपानमध्येच तपासणी करून घ्यावे लागते. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर या तपासणीत किरणोत्साराचे मोजमापही आले. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, ‘बिल ऑफ लेडिंग’. ती ज्याच्या हाती, गाडी त्याची. पावती कुरियरने येईपर्यंत आमचे खजिनदार रोज संध्याकाळी निरोप विचारायला येत.

याच टप्प्यावर एक प्रश्न उभा राहिला. बिलावर किती रक्कम लिहू, अशी विचारणा एका मध्यस्थाने केली. कमी दाखवली तर कर कमी पडेल, असे त्याचे म्हणणे. कराचा बोजा खरोखर मोठा होता. त्या वर्षी २५ टक्के आयात शुल्क, शुल्कासह होणाऱ्या रकमेवर २० टक्के अबकारी, त्या सर्वांवर १६ टक्के मूल्यवर्धित कर आणि वर काही लहान आकारण्या. शंभर शिलिंग मूल्य धरले, तर सरकारला सुमारे अठ्ठ्याहत्तर शिलिंग द्यावे लागत. मंडळात कुजबुज झाली, “गरिबांचाच पैसा आहे, वाचला तर पाप कसले?” वस्तुतः तेथील महसूल खाते बिलावर विसंबत नाही. गाडीच्या नव्या किमतीचा स्वतःचा तक्ता पाहून आणि वयानुसार घट धरून ते मूल्य ठरवते; खोटे बिल फुकट जाते. पण केवळ फुकट जाते म्हणून खोटे टाळायचे, हे काही नीतीचे शिक्षण नव्हे. ज्या गाडीला आम्ही तिच्या खऱ्या कागदामुळे निवडले, तिच्यासोबत आमचा खोटा कागद जोडायचा कसा? दिलेली रक्कमच बिलावर लिहिली गेली.

सुमारे सहा आठवड्यांनी जहाज मोम्बासाच्या किलिंदिनी बंदराला लागले. कागदपत्रे सुटेपर्यंत मी ‘फोर्ट जीझस’ पाहून आलो. पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला हा किल्ला. त्याच्या तटांकडे पाहताना कुणाही वसईकराला आपल्या किल्ल्याची आठवण व्हावी. बंदरात गाडी मिळाली, तेव्हा खजिनदारांनी परीक्षेचा कागद उघडला आणि एकेका खुणेवर बोट ठेवत गाडीभोवती फेरी मारली. पोचा होता तिथेच होता, ओरखडे होते तितकेच होते. कागदाबाहेरच्या दोनच गोष्टी निघाल्या. गाडी सुरू करताच एक बाई जपानीत काहीतरी अदबीने बजावत असे. ती टोलचे कार्ड लावण्याची आठवण करून देत असे, हे आम्हांला नंतर कळले. आणि रेडिओवर जेमतेम दोन केंद्रे लागत; कारण जपानचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि त्या रेडिओत ९० ला संपत होता, केनियाची बहुतेक केंद्रे त्याच्या पलीकडे.

मायदेशी परतल्यावर आखातात नोकरी करणारे धर्मग्रामस्थ मला विचारतात, “फादर, आमची तिकडची गाडी घरी आणता येईल का?” त्यांना मी कागद दाखवतो. आपल्याकडे जुन्या मोटारींच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध २००१ साली उठले, तरी अटी राहिल्या: गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजवीकडे असावे, ती मुंबई बंदरातूनच यावी. आखातातील गाड्यांचे सुकाणू डावीकडे असते. तिथेच विषय संपतो. शिवाय कर गाडीच्या किमतीहून अधिक. घामाच्या पैशाने घेतलेल्या पहिल्या गाडीवर माणसाचा जीव जडतो, हे मी समजू शकतो. परंतु ती तिकडेच योग्य माणसाला विकून येणे शहाणपणाचे.

आणि विकताना काय सांगायचे? इथे मला त्या अनोळखी जपानी तपासनिसाची आठवण होते. त्याला आमचे उपकेंद्र ठाऊक नव्हते, ती वृद्धा ठाऊक नव्हती. आपण लिहिलेला कागद कोण वाचणार, हेही त्याला माहीत नव्हते. तरी त्याने दाराचा पोचा नोंदवला. त्याच्या त्या प्रामाणिक खुणेमुळे समुद्रापलीकडच्या गरीब माणसांचा पैसा सुरक्षित राहिला. विश्वास डोळे मिटून ठेवायचा असतो, असे आपण सहज बोलून जातो. खरे तर कुणीतरी आपल्यासाठी डोळे उघडे ठेवून खरे लिहिलेले असते, म्हणून आपल्याला निश्चिंत होता येते. जुनी स्कूटर विकताना, मुलीचे स्थळ सुचवताना, कुणाला शिफारसपत्र देताना आपणही असेच कुणासाठी तरी तपासनीस असतो.

२०१९ मध्ये मी तो धर्मग्राम सोडला, तेव्हा नव्या धर्मगुरूंच्या हाती गाडीची किल्ली आणि फाइल दिली. तो कागद अजून फाइलमध्ये होता. त्याखाली एक कोरा कागद जोडून खजिनदारांनी आणि मी पाच वर्षांची भर घातली होती: पुढच्या काचेला तडा, मागची स्प्रिंग एकदा बदललेली, उजव्या दाराची कडी सैल, पावसात हेडलाइटमध्ये पाणी शिरते.